पोलादाच्या गावात पीव्हीसी : घरच्या सुतारकामासाठी धूळ ओढणारा पाइप

भिलाईच्या हुडको वसाहतीतून तुमच्याशी बोलतोय.

मागच्या भागात आपण ब्लोअर आणि पिशवी पाहिली. तेव्हापासून बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, ठाणे, सगळीकडून एकच प्रश्न येतोय : "सर, ब्लोअर घेतला. आता यंत्रापासून ब्लोअरपर्यंत पाइप कुठला टाकायचा? आणि स्वस्तात होईल का?" एका प्रेक्षकाने चिमटाही काढलाय : "पोलादाच्या गावात राहता आणि तुमच्या भिंतीवर प्लास्टिकचा पाइप कसा?"

चिमट्याचं उत्तर आधी देतो. आमचा भिलाईचा कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. रेल्वेचे रूळ आणि जाड प्लेटा ही त्याची ओळख. आपल्याला लागतो तो अर्धा-पाऊण मिलिमीटरचा जस्ताचा पत्रा, आणि ती वेगळीच चीज आहे. त्यामुळे कारखान्याच्या सावलीत राहूनही मला तुमच्यासारखंच दुकानात जाऊन पाइप निवडावा लागला.

आता मुख्य प्रश्न. स्वस्तात होतं का? होतं. पण ज्याचा मीटरचा भाव सगळ्यात कमी तोच पाइप स्वस्त, असं इथे चालत नाही. इथे स्वस्त म्हणजे आखूड, योग्य व्यासाचा, कमी वळणांचा आणि हवा न गळणारा पाइप. हे चार गुण जुळले तर प्लंबरच्या दुकानातला साधा पाइपही उत्तम काम करतो. ते नसतील तर सोन्याचा पाइप टाकलात तरी धूळ खोलीतच राहील.

आधी शत्रू ओळखा

फौजेत नकाशा उघडण्याआधी विचारतात, समोर कोण आहे? आपल्यासमोर दोघे आहेत. एक भुसा. तो दिसतो, पायाखाली येतो, झाडूने जातो. त्याचा त्रास आहे, धोका कमी. दुसरी बारीक धूळ, म्हणजे दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण. ते डोळ्याला दिसत नाहीत. अडीच मायक्रॉनचा कण शांत हवेत दोन मीटर खाली यायला काही तास घेतो. तुम्ही काम संपवून, हात धुऊन जेवायला बसता, तेव्हाही तो तुमच्या गॅरेजमध्ये तरंगत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा त्या गटाचा अर्थ. हा पुरावा मुख्यतः फर्निचर कारखान्यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा, नाक आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा आहे. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरून जाऊ नये, पण हलक्यातही घेऊ नये. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने अनेकांना त्वचेला खाज आणि दमा हे त्रास होतात. प्लायवूड आणि एमडीएफ कापताना डिंकातलं फॉर्माल्डिहाइड वेगळंच.

आमच्याकडे दारं-खिडक्या करायला येणारे एक जुने मिस्त्री आहेत. चाळीस वर्षं रंधा चालवलाय. खोकतात आणि म्हणतात, "हा तर धंद्याचा खोकला." त्यांचा खोकला लाकडामुळेच आहे असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण खोकला हा धंद्याचा भाग आहे, असं एका कारागिराने मान्य करून टाकावं, हे मला सलतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. छत्तीसगड आणि विदर्भात उन्हाळाभर खिडकीत कूलर चालतो. तो बाहेरची हवा खेचून घरात सोडतो. गॅरेजचं तोंड कूलरच्या बाजूला असेल, तर तुम्ही उडवलेली धूळ थेट तुमचं नातवंड झोपलंय त्या खोलीत जाते. पाइपचा विषय मी एवढा गंभीरपणे का घेतो, ते यावरून लक्षात येईल.

तुमच्याकडे काय आहे : व्हॅक्यूम की ब्लोअर?

पाइप घेण्याआधी हे ठरवा. बाजारात दोन जातीची यंत्रं मिळतात.

पहिली, व्हॅक्यूम क्लीनर. याची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी, मिनिटाला सुमारे १०० घनफूट. हे सँडर, राउटर, हातातली गोल करवत यांच्यासाठी. याला ५० मिमीचा पाइप पुरतो. मोठा पाइप लावलात तर वेग मरतो.

दुसरी जात म्हणजे मोठ्या पंख्याचा ब्लोअर, एक ते तीन हॉर्सपॉवरचा. याची ओढ हलकी, पण हवा भरपूर. टेबल सॉ, प्लेनर, बँडसॉ यांच्यासाठी हा हवा. याला बारीक पाइप लावलात की श्वास कोंडतो. बरेच जण ब्लोअर घेतात आणि ७५ मिमीचा पाइप लावतात, कारण तो स्वस्त असतो. मग म्हणतात, ब्लोअरमध्ये दम नाही.

थोडं गणित, घाबरू नका

लाकडाचा भुसा पाइपमध्ये खाली न बसता पुढे जायचा असेल, तर हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर हवा. जुन्या मापात मिनिटाला ४,००० फूट. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरचं वारं तुमच्या पाइपात वाहायला हवं.

या वेगाने कुठल्या पाइपातून किती हवा जाते पाहा. ७५ मिमीच्या पाइपातून मिनिटाला सुमारे १७० घनफूट. ११० मिमीतून सुमारे ३६५. १६० मिमीतून सुमारे ७८०. व्यास दीडपटीपेक्षा कमी वाढतो, पण हवा दुपटीहून जास्त. कारण हवा क्षेत्रफळावर चालते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. शाळेत शिकलेलं सूत्र इथे पैसे वाचवतं.

मग सरळ १६० मिमी का घेऊ नये? कारण ब्लोअर लहान असेल तर उलटं होतं. तीच ३६५ घनफूट हवा १६० मिमीतून पाठवली, तर वेग सेकंदाला नऊ-दहा मीटरवर येतो. आमच्या दुर्गला शिवनाथ नदी आहे. पात्र अरुंद असतं तिथे पाणी वाळू वाहून नेतं, पात्र पसरतं तिथे वाळू टाकतं. पाइपातही तेच. आडव्या पाइपात भुसा बसत जातो आणि एक दिवस पाइप जड होऊन खाली येतो.

म्हणून साधा नियम : एक ते दोन हॉर्सपॉवरच्या ब्लोअरला ११० मिमी, तीन हॉर्सपॉवर आणि वर १६० मिमी. ब्लोअरच्या पत्रकावर छापलेला हवेचा आकडा पाइप न लावता मोजलेला असतो. पाइप, पिशवी, वळणं लावली की प्रत्यक्षात बरेचदा तो निम्म्याच्या आसपास येतो. छापील आकड्यावर पाइपचा व्यास ठरवू नका.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. ११० मिमीतून येणारी हवा भुसा आणि बरीचशी धूळ पकडते. टेबल सॉची अगदी बारीक धूळ पूर्ण पकडायला त्याच्या दुप्पट हवा लागते. त्यामुळे ११० मिमीवाल्यांनी एन-९५ मास्क सोडायचा नाही. पाइप लावला म्हणून मास्क काढला, तर तोटाच.

बाजारात काय काय मिळतं

एकेक पर्याय पाहू. भाव गावोगाव आणि महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून आकडे सांगत नाही. कशात पैसा जातो ते सांगतो.

लवचीक होज. पारदर्शक, आत तारेचं वेटोळं असलेली. दिसायला सोपी, कापा आणि लावा. पण आतून वळ्या असतात, त्यामुळे हवेला अडथळा गुळगुळीत पाइपच्या दोन-तीन पट. मीटरचा भावही सहसा पीव्हीसी पाइपपेक्षा जास्त. ही फक्त शेवटच्या मीटरभरासाठी, यंत्र हलवता यावं म्हणून.

चिमणीचा अॅल्युमिनियम पाइप. स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो चुण्यांचा. हा स्वस्त आणि सहज मिळतो, म्हणून मोह होतो. घेऊ नका. तो वाफ बाहेर फेकण्यासाठी आहे. लाकडाचा एक तुकडा त्याला फाडतो आणि ओढीने तो चिमटतो.

पीव्हीसी एसडब्ल्यूआर पाइप. इमारतीच्या भिंतीवरून सांडपाणी उतरवणारा राखाडी पाइप. आपला मुख्य उमेदवार. भारतीय मानक आयएस १३५९२ प्रमाणे याच्या दोन जाती असतात. ए प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवा जाण्यासाठी, पातळ. बी प्रकार मैलापाण्यासाठी, जाड. ११० मिमीत ए प्रकाराची जाडी सुमारे २.२ मिमी, बी प्रकाराची सुमारे ३.२ मिमी. आपल्याला ए प्रकार पुरतो. घरगुती ब्लोअरच्या ओढीने तो दबत नाही, वजनाला हलका आणि भावाला कमी. दुकानदार सवयीने बी देतो. पाइपवर छापलेलं वाचून घ्या.

शेतीचा पाइप. गावाकडच्या मंडळींसाठी. विहिरीवरून पाणी नेणारा ११० मिमी पाइप घरी पडून असेल तर जरूर वापरा. बाहेरचा व्यास तोच असल्यामुळे एसडब्ल्यूआरचे जोड त्याला बसतात. नवीन घ्यायचा असेल तर सर्वांत कमी दाबाचा वर्ग घ्या. जास्त दाबाचा पाइप जाड आणि महाग, आपल्याला त्या दाबाचा काही उपयोग नाही.

जस्ती पत्र्याचा गोल डक्ट. कारखान्यात हाच असतो. टिकाऊ, वळणं मोठ्या त्रिज्येची करता येतात, आणि स्थिर विजेचा प्रश्न नाही. भिलाई, रायपूर, नागपूर या भागात कूलरच्या बॉड्या करणारे पत्रेवाले भरपूर आहेत. पावसाळ्यात त्यांचं काम कमी असतं, तेव्हा २४ किंवा २६ गेजच्या पत्र्याचा डक्ट ते करून देतात. मात्र प्रत्येक शिवण सीलंटने किंवा अॅल्युमिनियम टेपने बंद करून घ्या, कारण कूलरला गळती चालते, आपल्याला नाही. १६० मिमी आणि त्याहून मोठी लाइन टाकायची असेल, तर पीव्हीसीचे जोड महाग पडू लागतात. तिथे पत्रेवाल्याचा भाव जरूर विचारा.

पाइपच नाही. हा सर्वांत स्वस्त पर्याय आणि याला कोणी विचारत नाही. ब्लोअरला चाकं लावा, दोन मीटरची होज ठेवा, ज्या यंत्रावर काम असेल त्याच्याजवळ न्या. यंत्रं दोनच असतील तर भिंतीवर पाइप टाकूच नका. वाचलेल्या पैशांत चांगली फिल्टर पिशवी घ्या.

पैसा जोडांत जातो

दुकानात गेलात की कळेल, सरळ पाइपपेक्षा बिल जोडांचं होतं. आणि हवेचा खर्चही जोडांतच होतो. प्लंबिंगचा एक काटकोनी बेंड म्हणजे साधारण दोन ते तीन मीटर सरळ पाइपइतका अडथळा. म्हणजे तीन बेंड टाकलेत की न दिसणारा सहा ते नऊ मीटर पाइप तुमच्या ब्लोअरच्या डोक्यावर बसला.

म्हणून कागदावर खोलीचा नकाशा काढा. ब्लोअर कोपऱ्यात ढकलू नका, भिंतीच्या मध्यावर ठेवा. सर्वांत जास्त भुसा करणारं यंत्र, म्हणजे प्लेनर, सर्वांत जवळ. माझं गॅरेज सुमारे तीन बाय साडेपाच मीटरचं आहे. त्यात तीन यंत्रं. सर्वांत लांबचं यंत्र ब्लोअरपासून साडेतीन मीटरवर. दोन पाइप, तीन वाय, चार ४५ अंशांचे बेंड आणि प्रत्येक यंत्राला मीटरभर होज, एवढ्यात काम झालं.

जोड घेताना हे लक्षात ठेवा :

काटकोनात वळायचं असेल तर एका बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड, मध्ये वीतभर पाइप.

फाटा काढायचा असेल तर टी नको, वाय घ्या. आणि वायची तिरकी शाखा हवेच्या वाहण्याच्या दिशेने झुकलेली हवी.

एक-दोन ठिकाणी झाकणवाला डोअर बेंड घ्या. तुंबलं तर झाकण उघडून साफ करता येतं. त्याच्या झाकणाचं रबर नीट बसलंय का ते दुकानातच पाहा.

पाइपच्या एका टोकाला सॉकेट असतं. त्या सॉकेटचं तोंड यंत्राकडे ठेवा. म्हणजे हवा आतल्या पाइपातून सॉकेटात शिरते आणि भुसा कडेला अडत नाही. प्लंबर पाण्यासाठी हेच करतो.

जोडणी : चिकटवू नका

प्लंबर सॉल्व्हंटची डबी काढेल. त्याला थांबवा. आज तीन यंत्रं आहेत, उद्या जागा बदलतील. रबर रिंगचे जोड घ्या, किंवा साधा जोड घट्ट बसवून वरून अॅल्युमिनियमची टेप लावा. स्क्रू लावलात तर आखूड लावा, आत टोक निघालं की त्याला भुशाचं घरटं बांधलं जातं.

न चिकटवण्याचं आणखी एक कारण आहे. पीव्हीसी तापल्यावर लांब होतो. सहा मीटरचा पाइप थंडीच्या पहाटेच्या दहा अंशांपासून मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांपर्यंत सुमारे पंधरा मिलिमीटर वाढतो. रबर रिंगमध्ये पाइप टोकापर्यंत न ठोकता सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा सोडली, तर तो आपला आपण सरकतो. चिकटवलेला पाइप वाकतो किंवा जोड तडकतो. आणि पाइप उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसी काही वर्षांत ठिसूळ होतो.

यंत्राचं तोंड बहुधा बाहेरून १०० मिमी असतं आणि आपल्या पाइपचा आतला व्यास सुमारे १०५. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की ती भरते. वरून जुबिली क्लिप.

प्रत्येक यंत्रापाशी एक सरकतं गेट हवंच. विकतचं महाग वाटलं तर सहा मिमी प्लायच्या तीन थरांचं घरी करा : दोन बाजूंना पाइपाएवढं भोक पाडलेले तुकडे, मधल्या थरात सरकणारी फळी. एका वेळी एकच गेट उघडं. तिन्ही उघडी ठेवलीत तर हवा तीन ठिकाणी वाटली जाते आणि कुठेच पुरत नाही.

स्थिर विजेचं काय?

हा प्रश्न नेहमी येतो. सुकी हवा असताना पीव्हीसी पाइपवर स्थिर वीज जमते आणि हात लागला की चटका बसतो. पाइपभोवती तार गुंडाळून अर्थिंग केलं की सगळं संपलं, असं काही जण सांगतात. पीव्हीसी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तार फक्त ती जिथे टेकते तिथलीच वीज नेते. चटका कमी होतो, तेवढ्यापुरती लावा. होजच्या आतली तार मात्र दोन्ही टोकांना यंत्राच्या आणि ब्लोअरच्या धातूला जोडा, आणि यंत्रांचं अर्थिंग पक्कं ठेवा.

धुळीचा स्फोट व्हायला हवेत फार दाट धूळ लागते, दर घनमीटरला साधारण चाळीस-पन्नास ग्रॅमच्या पुढे. घरगुती पाइपात ती सहसा नसते. खरी भीती ठिणगीची. लाकडातला खिळा करवतीच्या पात्याला लागतो, तापलेला तुकडा ब्लोअरमधून पिशवीत जातो आणि भुशात तासभर धुमसत राहतो. म्हणून तीन नियम पाळा. जुन्या लाकडातले खिळे आधी काढा. ग्राइंडरच्या ठिणग्या या पाइपात कधीही सोडू नका. काम संपल्यावर पिशवी रिकामी करा, भरलेली पिशवी घराला लागून रात्रभर ठेवू नका.

तपासणी

सगळं लागल्यावर ब्लोअर चालू करा आणि टिश्यू पेपरची अरुंद पट्टी प्रत्येक जोडापाशी फिरवा. पट्टी जोडाकडे खेचली गेली की तिथे गळती. टेप लावा, पुन्हा पाहा. उदबत्तीचा धूर वापरू नका, पेटता कण आत गेला तर भुशात पडेल. मग एकेक गेट उघडून यंत्राच्या तोंडाशी मूठभर भुसा धरा. तो झटक्यात गेला पाहिजे. रेंगाळला तर आधी वळणं मोजा, मग पिशवी झटका, आणि मगच मोठ्या ब्लोअरचा विचार करा. बहुतेक वेळा पहिल्या दोन गोष्टींतच दोष सापडतो.

शेवटी पिशवीकडे पाहा. जाडसर विणीच्या पिशवीतून बारीक धूळ परत खोलीतच येते. हवा बाहेर सोडायची असेल तर तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको आणि आपल्या कूलरकडे तर मुळीच नको.

दुकानात जाताना एवढी यादी बरोबर ठेवा : ब्लोअरची हॉर्सपॉवर, सर्वांत लांबच्या यंत्राचं अंतर, वळणांची संख्या, यंत्राच्या तोंडाचा बाहेरचा व्यास, आणि पाइप ए प्रकारचा. दोन दुकानांत पाइपचा आणि जोडांचा भाव वेगवेगळा विचारा. नकाशात एक वळण कमी करता आलं, तर तुमचे पैसेही वाचले आणि ब्लोअरचा दमही.

पुढच्या भागात प्लास्टिकच्या निळ्या ड्रमचा सेपरेटर पाहू, म्हणजे भुसा पिशवीत जाण्याआधीच खाली पडेल. तोवर आपापल्या खोलीचा नकाशा काढून ठेवा. आणि कोणाकडे आमच्यासारखे खोकणारे मिस्त्री येत असतील, तर त्यांना एक मास्क द्या आणि हा भाग दाखवा. भेटू या. जय हिंद.